‘गॉन बेबी गॉन’ : पॅट्रिकचा फोन आणि त्याआधीची गोळी

‘गॉन बेबी गॉन’ पाहिलेली दोन माणसे त्याविषयी बोलू लागली, की थोड्याच वेळात त्यांचे बोलणे एका प्रश्नावर येऊन ठेपते : पॅट्रिकने तो फोन करायला हवा होता का? दिग्दर्शन कसे आहे, कोणाचा अभिनय सरस आहे, बॉस्टन शहर किती खरे उतरले आहे, हे सगळे मागे पडते. २००७ साली आलेल्या या चित्रपटावर आजही त्याच तळमळीने वाद होतो आणि दोन्ही बाजूंना विचारी, सहृदय माणसे असतात, याचे मला फार अप्रूप वाटते. मी स्वतः फोन करणाऱ्याच्या बाजूचा आहे. मात्र या बाजूने सहसा दिली जाणारी कारणे मला अपुरी वाटतात आणि विरुद्ध बाजूची काही कारणे थेट काळजाला भिडतात, म्हणून हे सविस्तर लिहावेसे वाटले. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावे; पुढे शेवटासह सगळे कथानक उघड होणार आहे.

डेनिस लेहेन यांची मूळ कादंबरी १९९८ सालची. पॅट्रिक केन्झी आणि अँजी जेनारो या खासगी गुप्तहेरांच्या जोडीवर त्यांनी लिहिलेल्या मालिकेतले हे चौथे पुस्तक. लेहेन स्वतः बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागात जन्मले आणि कथाही तिथेच घडते. अभिनेता म्हणून प्रसिद्ध असलेल्या बेन ॲफ्लेकने दिग्दर्शित केलेला हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. पटकथा त्याने ॲरन स्टॉकर्ड याच्यासोबत लिहिली आणि पॅट्रिकची भूमिका आपला धाकटा भाऊ केसी याला दिली. अमँडा नावाची चार वर्षांची मुलगी घरातून नाहीशी होते. तिची आई हेलीन व्यसनी आहे, बेफिकीर आहे. मुलीसाठी खरी तळमळते ती तिची मामी बिॲट्रिस. पोलिसांशी न बोलणारी वस्तीतली माणसे ओळखीच्या पोराशी तरी बोलतील या आशेने पॅट्रिक आणि अँजीला या कामावर आणते तीही बिॲट्रिसच. तपासात कळते, की हेलीनने चीझ नावाच्या अमली पदार्थांच्या व्यापाऱ्याचे १,३०,००० डॉलर लांबवले होते. पैसे परत करून मुलगी सोडवण्याचा बेत एका पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणीपाशी पार फसतो, चीझ मारला जातो, मुलगी बुडाली असे सर्वांना वाटते आणि लहान मुलांवरील गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या पथकाचा प्रमुख कॅप्टन जॅक डॉइल या अपयशाची जबाबदारी घेऊन निवृत्त होतो.

सत्य पुढे बाहेर येते. मुलगी जिवंत आहे आणि ती डॉइलच्याच घरी आहे. डिटेक्टिव्ह रेमी ब्रेसंट आणि मुलीचा सख्खा मामा लायोनेल यांच्याशी संगनमत करून त्याने तिला उचलले. डॉइलची स्वतःची मुलगी अपहरण होऊन मारली गेली होती. त्याच्या घरी अमँडा स्वच्छ आहे, हसते आहे, तिला वेळेवर जेवण मिळते आणि जवळ घेणारी दोन माणसे मिळाली आहेत. आता पॅट्रिकने गप्प राहून परत फिरायचे, की पोलिसांना फोन करायचा? अँजी त्याला फोन करू नकोस म्हणून विनवते, केलास तर मी तुझा द्वेष करीन असेही सांगते. पॅट्रिक फोन करतो. डॉइलला बेड्या पडतात, अमँडा आईकडे जाते आणि अँजी निघून जाते.

फोन करायला नको होता असे म्हणणारे बहुतेक जण मुलीच्या बाजूने बोलतात आणि तिथेच त्यांचे बळ आहे. लायोनेल सांगतो, की हेलीनने अमँडाला भर उन्हात मोटारीत सोडून दिले होते आणि पोरीची कातडी भाजून निघाली होती. हा प्रसंग पडद्यावर दिसत नाही, फक्त ऐकू येतो, तरीही एकदा ऐकल्यावर तो विसरता येत नाही. ज्या आईच्या हातून हे घडले, तिच्या हाती पोर पुन्हा द्यायची, तीही केवळ कायद्याने ती आई आहे म्हणून? कायदा मुलांसाठी असतो, मुले कायद्यासाठी नसतात, असे एका मैत्रिणीने मला ऐकवले होते. त्यावर मला तत्काळ उत्तर सुचले नाही आणि आजही ते वाक्य मी सहज बाजूला सारू शकत नाही. चित्रपटही या मंडळींना भरपूर आधार देतो. डॉइलच्या भूमिकेत मॉर्गन फ्रीमन आहे. पडद्यावर तो संथ, जाणता आवाज ऐकला, की शब्दांचा अर्थ लागण्याआधीच आपला विश्वास बसतो. दुसऱ्या एखाद्या, डोळ्यांत जरा कमी माया असलेल्या नटाने हेच संवाद म्हटले असते, तर किती प्रेक्षक डॉइलच्या बाजूला राहिले असते, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.

मग येतो तो शेवटचा प्रसंग. पॅट्रिक हेलीनच्या घरी जातो. ती नटूनथटून बाहेर निघाली आहे, एका पुरुषाला भेटायला. मुलीला कोण सांभाळणार, याची तिने काहीही सोय केलेली नाही. पॅट्रिक आपण थांबतो म्हणतो आणि ती निघून जाते. कोचावर अमँडा बाहुली घेऊन टीव्ही पाहत बसली आहे. तो तिच्या शेजारी बसतो आणि बाहुलीकडे पाहून विचारतो, ही मिराबेल ना? अपहरणानंतर हेलीनने वार्ताहरांना बाहुलीचे हेच नाव सांगितले होते. मुलगी म्हणते, ॲनाबेल. एवढेच. आईला पोरीच्या आवडत्या बाहुलीचे नाव धड ठाऊक नव्हते, हे एका शब्दात कळते आणि ज्यांनी तोवर पॅट्रिकची बाजू घेतलेली असते त्यांच्यातलेही काही जण इथे कच खातात. मी पाहिले आहे, की या प्रसंगानंतर माणसे एकदम निकाल देऊन मोकळी होतात : पाहा, काही बदलले नाही, म्हणजे तो चुकला.

हा निकाल मला मान्य नाही. परिणामावरून निर्णय तोलायचा असेल, तर सगळे परिणाम मोजायला हवेत. त्या प्रेमळ अपहरणापायी खाणीवर एक माणूस मेला. आपले बिंग फुटू नये म्हणून रेमी तोंडावर मुखवटा चढवून बारमध्ये लायोनेलला, म्हणजे आपल्याच साथीदाराला, गोळी घालायला येतो आणि त्या झटापटीत स्वतः जीव गमावतो. एका मुलीला चांगले घर मिळावे म्हणून रचलेल्या खोट्याला जपण्यासाठी माणसे मारावी लागतात. डॉइलच्या अंगणात हसणारी अमँडा दिसते तेव्हा हे सारे आपल्या नजरेआड झालेले असते, कारण चित्रपट आपल्याला तिथे तिचा चेहरा दाखवतो, ती प्रेते दाखवत नाही. अमँडाला मोठेपणी हे कधी ना कधी कळलेच असते. पॅट्रिक डॉइलला नेमके हेच सांगतो : उद्या ती मोठी होऊन माझ्यापुढे उभी राहील आणि विचारेल, की तुला मी सापडले होते, मग परक्या घरी का सोडून गेलास? डॉइलकडे याला उत्तर आहे, तेही दमदार आहे. पण त्या उत्तरात अमँडाच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्याने गृहीत धरलेला आहे.

तरीही पॅट्रिकच्या फोनचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण या संवादात नाही. ते त्याच्या बरेच आधी घडून गेलेले आहे आणि चित्रपटावर बोलताना नव्वद टक्के लोक ते ओलांडून पुढे जातात, म्हणून त्यावर मी जरा रेंगाळणार आहे.

अमँडा मेली असे सर्व जण समजत असताना आणखी एक मुलगा नाहीसा होतो. पॅट्रिक दोन पोलिसांसह एका घरापाशी पोहोचतो, गोळीबार होतो आणि आतल्या खोलीत त्याला कॉर्विन अर्ल हा बालकांवर अत्याचार करणारा गुन्हेगार सापडतो. मुलगा मेलेला आहे. अर्ल काहीतरी पुटपुटतो आणि पॅट्रिक त्या निःशस्त्र माणसाच्या डोक्यात मागून गोळी घालतो. चकमकीत चालवलेली ही गोळी नव्हे. हा वध आहे. त्यानंतर सगळे जग त्याची पाठ थोपटते. पोलीस खूश आहेत. अँजीलाही त्याचा अभिमान वाटतो. आणि खरे सांगायचे तर प्रेक्षकालाही बरे वाटते. मलाही पहिल्यांदा पाहताना वाटले होते.

एका माणसाला मात्र बरे वाटत नाही, तो म्हणजे पॅट्रिक. इस्पितळाबाहेर रात्री तो आणि रेमी बोलत बसलेले असतात. रेमी प्यायलेला आहे. तो एक जुनी गोष्ट सांगतो : अमली पदार्थांच्या नादी लागलेल्या एका कुटुंबात तो गेला होता, घाणीत वाढणारे, मार खाणारे एक पोर त्याला तिथे भेटले, आणि त्या पोराला एकच सांगायचे होते, की मला पाढे येतात. कोणीतरी शाबास म्हणावे इतकीच त्याची अपेक्षा. रेमीने त्याच्या बापावर खोटा पुरावा पेरून त्याला आत टाकले. पाढ्यांचा तो तपशील इतका साधा आणि इतका विदारक आहे, की ऐकणाऱ्याच्या मनात रेमीविषयी रागाला जागाच उरत नाही. अशा वेळी बाजू घ्यावीच लागते, असे तो म्हणतो. पॅट्रिक त्याला सांगतो, की हत्या हे पाप आहे. रेमी म्हणतो, ते कोणाची केली यावर अवलंबून. पॅट्रिक म्हणतो, नाही, ते तसे चालत नाही. पुन्हा तशीच वेळ आली तर गोळी घालशील का, या प्रश्नावर त्याचे उत्तर नकारार्थी आहे. लेखन म्हणून या प्रसंगाची आणखी एक करामत अशी, की याच गोष्टीच्या ओघात रेमीच्या तोंडून एक नाव निसटते, ज्याला आपण ओळखत नसल्याचे त्याने आधी सांगितलेले असते, आणि तिथूनच सगळा कट उसवू लागतो. म्हणजे रेमीची करुणा आणि त्याचा खोटेपणा एकाच वाक्यात हातात हात घालून बाहेर पडतात.

आता डॉइलच्या अंगणात उभा असलेला पॅट्रिक पाहा. त्याने एकदा कायदा हातात घेतलेला आहे, तोही अशा माणसाविरुद्ध की ज्याच्यासाठी कोणीही अश्रू ढाळणार नाही, आणि सगळ्यांनी बरोबर म्हटल्यावरही त्याच्या मनाने ते बरोबर मानलेले नाही. डॉइल त्याच्याकडे मागतो आहे ते तेच : नियम बाजूला ठेव, कारण हेतू चांगला आहे, कारण समोरची बाई नालायक आहे, कारण तुला आणि मला जास्त कळते. पॅट्रिकला या मार्गाची चव ठाऊक आहे. त्यामुळे त्याच्या फोनला जे लोक कोरडी कायदानिष्ठा म्हणतात, त्यांनी तो माणूस नीट पाहिलेलाच नाही असे मला वाटते. कायद्यावर आंधळा विश्वास असलेला माणूस अर्लला गोळी घालत नाही. हा फोन करतो तो एकदा घसरलेला आणि त्या घसरणीला मोठेपणा म्हणू न शकणारा माणूस. अर्लच्या मृत्यूला टाळ्या वाजवणाऱ्यांनी फोनवर रागावणे एका अर्थी सुसंगत आहे; पण फोनचे समर्थन करणाऱ्यांनी मात्र त्या गोळीचेही समर्थन करू नये, एवढा आग्रह मी जरूर धरीन.

वर्गाचा मुद्दाही यात गुंतलेला आहे. डॉर्चेस्टरच्या त्या रस्त्यांवरची माणसे, त्यांची घरे, त्यांची भाषा ॲफ्लेकने फार जवळून टिपली आहे. तो स्वतः नदीपलीकडच्या केंब्रिजमध्ये वाढला. डॉइलचे घर शहराबाहेर, हिरवळीत, शांत. काही प्रेक्षक हिशेब मांडतात तेव्हा त्यांच्या नकळत हिरवळ आणि शांतता यांचीही गणती मुलीच्या भल्यात होते. हेलीन गरीब नसती, तिचे व्यसन महागड्या बाटलीतले असते आणि घर नीटनेटके असते, तर तिच्या मुलीला कोणी उचलून नेणे आपल्याला इतके समजण्यासारखे वाटले असते का?

ज्या बाबतीत चित्रपट मला थोडा फसवा वाटतो, तेही सांगायला हवे. शेवटी आपल्यापुढे दोनच दारे ठेवली जातात, डॉइलचे घर किंवा हेलीनचे. प्रत्यक्षात तिसरे दार होते आणि त्याची किल्ली डॉइलच्याच खिशात होती. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्यानुसार, सामान्य कायद्यांच्या ११९व्या प्रकरणातील कलम ५१अ प्रमाणे, मुलाचा छळ किंवा हेळसांड होत असल्याचा वाजवी संशय आला तर बालसंरक्षण विभागाला कळवणे ज्यांच्यावर बंधनकारक आहे त्यांत पोलीस अधिकारी येतात. मोटारीत भाजलेल्या मुलीची हकीकत ठाऊक असलेल्या, बालकांवरील गुन्ह्यांचे पथक चालवणाऱ्या कॅप्टनने हा अहवाल दिला असता, तर त्याला वजन आले नसते का? अमेरिकेत आईबापांचा हक्क काढून घेणे सोपे नाही हे खरे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सँटोस्की खटल्यात त्यासाठी स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा लागतो असे ठरवले. पण ती अट मुलांच्या विरोधात नाही. कोणा एका अधिकाऱ्याच्या मतावरून कोणाचेही मूल उचलले जाऊ नये, यासाठी ती आहे. व्यवस्था मुलांना वाचवत नाही, असे डॉइल म्हणू शकतो आणि त्याच्या अनुभवात त्याला आधारही असेल. परंतु तोच व्यवस्था होता. त्याने दार ठोठावलेच नाही, हे लक्षात घेतले की त्याचे दुःख खरे असूनही त्याचा युक्तिवाद लंगडा पडतो.

कादंबरी वाचलेल्यांची मते थोडी निराळी असतात, असा माझा अनुभव आहे. पुस्तक पॅट्रिकच्या तोंडून, प्रथमपुरुषी निवेदनात येते, त्यामुळे वाचक त्याच्या डोक्याच्या आत असतो. निर्णय पटला नाही तरी तो कोठून आला हे कळते. चित्रपटात सुरुवातीचे निवेदन सोडले तर आपल्याला केसी ॲफ्लेकचा चेहरा वाचावा लागतो आणि तो चेहरा सहजासहजी काही सांगत नाही. शिवाय मालिकेचे आधीचे तीन भाग वाचलेल्याला अँजीचे जाणे फार मोठा आघात वाटते. चित्रपटात मिशेल मॉनॅहनच्या वाट्याला शेवटच्या विनवणीपलीकडे फारसे आलेले नाही, त्यामुळे तिचे जाणे परिणामकारक असूनही काहीसे घाईचे वाटते. अँजीला केवळ भावनेच्या आहारी गेलेली ठरवणारे प्रेक्षक मला भेटतात, त्यात दोष त्यांच्याइतकाच पटकथेचा आहे.

एमी रायनच्या हेलीनबद्दल मात्र मतभेद ऐकल्याचे आठवत नाही. या भूमिकेसाठी तिला साहाय्यक अभिनेत्रीच्या ऑस्करचे नामांकन मिळाले होते. ती हेलीनला एकदाही सुधारत नाही आणि एकदाही राक्षस होऊ देत नाही. मुलगी परत आणण्याचे वचन ती पॅट्रिककडून घेते तेव्हा तिचे रडणे खरे आहे. मुलगी परत आल्यावरचा तिचा निष्काळजीपणाही तितकाच खरा आहे. वचनाचा तो प्रसंग विसरून हेलीनला मुलीची पर्वाच नव्हती असे म्हणणारे लोक आपले काम सोपे करून घेतात. तिला पर्वा आहे, पण पर्वा पुरेशी पडत नाही, आणि ही अवस्था क्रूरतेपेक्षा पाहायला अधिक अवघड आहे.

ब्रिटनमध्ये हा चित्रपट वेळेवर लागला नाही. २००७च्या मे महिन्यात पोर्तुगालमध्ये सुटीवर गेलेल्या एका ब्रिटिश कुटुंबातली लहान मुलगी नाहीशी झाली होती आणि त्या घटनेशी असलेल्या साम्यामुळे प्रदर्शन पुढे ढकलून २००८ साली करण्यात आले. मुलगी कुठेतरी सुखात असेल, ही कल्पना डॉइलच्या अंगणात किती गोड वाटते, आणि वाट पाहणाऱ्या घरातून तीच कल्पना कशी दिसत असेल, हे त्या एका निर्णयावरून समजते.

वाट पाहणाऱ्या घराचा विषय निघाला म्हणून बिॲट्रिस. तिच्याविषयी कोणीच बोलत नाही, याची मला खंत आहे. अमँडावर निरपेक्ष माया करणारी, तिच्यासाठी पदरमोड करून माणसे लावणारी ती एकटी. तिचा नवरा कटात सामील होता आणि रोज तिच्यासमोर शोक करत होता. डॉइलने, रेमीने आणि लायोनेलने मुलीचे भले ठरवताना बिॲट्रिसला त्या भल्यात धरलेच नाही. भाची मेली असे समजून ती रडली आणि त्या तिघांनी तिला रडू दिले. लेहेन यांना ती विसरता आली नसावी. २०१० साली आलेल्या ‘मूनलाइट माइल’ या कादंबरीत अमँडा सोळा वर्षांची आहे, पुन्हा नाहीशी झाली आहे, आणि तिला शोधून दे म्हणून पॅट्रिकच्या दारात पुन्हा बिॲट्रिसच येते. मुलगी डॉइलकडेच राहायला हवी होती असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी बिॲट्रिसला काय सांगितले असते, हे मला त्यांच्याकडून ऐकायचे आहे.